उंदराला पाळी येत नाही

तू लिहिलंस, एन्डोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) उंदरांना डायऑक्सिन हा विषारी प्रदूषक दिल्यावर गाठी वाढायच्या सोडून आकसल्या, म्हणून तुझे गाईड म्हणतात मॉडेल, म्हणजे आजार अभ्यासायला घेतलेला प्राणी, बिघडलं. काही बिघडलेलं नाही. उंदरांची अंडाशयं काढून वरून एस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिलं होतं ना? तशा उंदरांत डायऑक्सिनमुळे गाठींची वाढ दबते, हे १९९७ मध्येच छापून आलंय. अंडाशयं शाबूत ठेवलेल्या उंदरांत त्याआधी उलट दिसलं होतं. मग नवल कसलं?

हा प्राणी नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार, हे आधी कागदावर उतरव. उंदराला पाळी येत नाही, एन्डोमेट्रिओसिस आपोआप होत नाही; गर्भाशयाचा तुकडा पोटात आपणच शिवतो. म्हणजे आजार का सुरू होतो, हे त्याला विचारायचंच नाही. लागलेली गाठ प्रदूषकाने वाढते का, एवढंच विचारायचं. डोसचाही असाच विचार कर. उंदराच्या शरीरातलं निम्मं डायऑक्सिन काही दिवसांत जातं, माणसात त्याला वर्षं लागतात. दर किलोमागे तेवढाच डोस दिला, यात काय जुळवलं?

र्‍हीसस माकडिणींना पाळी येते, आजारही आपला आपण होतो. १९९३ चा अभ्यास तू सेमिनारमध्ये दाखवलास: चार वर्षं खाद्यातून डायऑक्सिन, मोठ्या डोसच्या ७ पैकी ५ जणींना आजार. पण डोस न दिलेल्या ६ पैकी २ जणींनाही होता, ते का गाळलंस? पुढे २००१ मध्ये त्यांचं रक्त तपासलं, तर आजाराची तीव्रता डायऑक्सिनशी नाही, एका पीसीबीशी, म्हणजे दुसऱ्याच एका औद्योगिक प्रदूषकाशी, जुळली. माकड असलं तरी प्रश्न सुटत नाही. कोणता प्रश्न, ते आधी!

'सगळे हेच मॉडेल वापरतात' असं मला पुन्हा लिहू नकोस.

माझे पेपर कमी आहेत, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. अंडाशयं शाबूत असलेला गट हवाच म्हणून मी अडून बसायचे, तोवर निधी संपायचा आणि बरोबरीचे पुढे निघून जायचे. हटवादी म्हणायचे मला. सल सलतो अजून, नाही असं नाही. पण माझ्या आकड्यांवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही, आणि ज्या जिवांना मारलं त्यांच्या जिवावर मी भलतं काही सांगितलं नाही. असो, हे तुझ्या कामाचं नाही.

आकसलेल्या गाठींचे तुकडे गोठवून ठेवले असतील तर त्यांत प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर (प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा संदेश घेणारं पेशीतलं प्रथिन) तपास. निकाल फेकायचा नाही. गाईडशी मात्र तुलाच बोलावं लागेल, मी मध्ये पडणार नाही.