कारखान्यातलं प्रदर्शन आणि ओरिजिनल काय?

प्रश्न: बंद पडलेल्या कारखान्यांत, गोदामांत भरणारी प्रदर्शनं मी आवर्जून बघतो. आत शिरलं की भारी वाटतं, पण बाहेर आल्यावर वाटतं की आरसे, निऑन, वरून सोडलेले दोरे, सगळीकडे तेच तर आहे. काही ठिकाणी तर कळलं की कलाकाराने हातही लावला नव्हता, सगळं मदतनिसांनी केलं. मग यात ओरिजिनल काय उरलं?

उत्तर: तुम्हाला जे भारी वाटतं त्यातलं बरंचसं श्रेय त्या इमारतीचं असतं, हे आधी मान्य करूया. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातला टर्बाइन हॉल जुन्या वीजकेंद्राचा, साधारण १५० मीटर लांब आणि ३५ मीटर उंच, तिथे काहीच ठेवलं नाही तरी माणूस मान वर करून बघत राहतो. अशा जागेत एखादी वस्तू नुसती मोठी केली तरी ती नवीन वाटते आणि बरेच क्युरेटर, म्हणजे प्रदर्शन मांडणारे, तेवढ्यावरच भागवतात, याचा मला खरंच राग येतो.

पण सगळ्यांना त्यात धरू नका. २०१४ मध्ये कारा वॉकर या अमेरिकन कलाकार बाईने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या डॉमिनो साखर कारखान्यात, तो भाग पाडायच्या आधी, पांढऱ्या साखरेने मढवलेली जवळपास ७५ फूट लांब स्फिंक्स (सिंहाचं धड आणि माणसाचं तोंड असलेली मूर्ती) उभी केली, चेहरा काळ्या बाईचा, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि भोवती टोपल्या घेतलेल्या मुलांचे पुतळे. आता आकार म्हणाल तर स्फिंक्स इजिप्तची, आणि मुलं तर ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त शोभेच्या बाहुल्यांवरून मोठी केलेली. मग वॉकरचं त्यात काय? तर जिथल्या भिंतींवर जुनी काकवी अजून चिकटलेली होती तिथेच तिने साखरेमागची गुलामगिरी आणून उभी केली. उकाड्यात साखरेची मुलं वितळायला लागली, हातपाय गळून पडले, खाली काळपट चिकट थारोळं साचलं. हेच काम एखाद्या स्वच्छ गॅलरीत नेलं असतं तर त्यातला अर्धा अर्थ कारखान्यातच राहिला असता. मी ओरिजिनल म्हणते ते याला.

आता हात न लावण्याचं. अमेरिकेतलंच मॅस मोका हे कलासंग्रहालय, आधी कापडछपाईचा आणि नंतर इलेक्ट्रिकल पार्ट्सचा कारखाना, तिथे २००८ पासून सोल लेविट या कलाकाराची १०५ भिंतचित्रं आहेत आणि लेविट तर २००७ मध्येच गेला होता. त्याच्या सूचना वाचून बाकीच्यांनी कित्येक महिने खपून ती काढली. त्याची एक सूचना अशी, की उभ्या रेघा काढा, सरळ नकोत, एकमेकींना टेकायला नकोत. एवढंच! रेघ कुठे वळवायची ते काढणाऱ्यानेच ठरवायचं, म्हणजे कल्पना एकाची आणि हात दुसऱ्याचा, आणि लेविटने हे कधी लपवलं नाही. लपवतात तिथे मात्र तुमची तक्रार अगदी रास्त आहे, मदतनिसांची नावं भिंतीवर लागलीच पाहिजेत.

आरसे आणि निऑन कुणा एकाच्या मालकीचे नाहीत, त्यामुळे तेवढ्यावरून कुणाला कॉपी म्हणू नका. पण दुसऱ्याची अख्खी मांडणी उचलून नाव न घेता लावली असेल तर ती चोरी, जागा कितीही देखणी असो. पुढच्या वेळी तिथल्या माणसांना सरळ विचारा, इथे पूर्वी काय बनायचं, कोण राबायचं आणि या कामाचा त्याच्याशी संबंध काय?