गावात झाडं लावायला आणि जगवायला निधी कुठून मिळेल?

तुमच्या मंडळाला गावाच्या माळावर पाचशे झाडं लावायची आहेत आणि त्यासाठी पैसे कुठे मागावेत, असं तुम्ही विचारलंय. पाचशे ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. आधी पन्नास लावा. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत अगदी स्वस्तात मिळतात, खड्डे काढायला पावसाळ्याच्या तोंडावर उत्साहाने माणसंही येतात. पैसा लागतो तो पुढच्या तीन उन्हाळ्यांना.

मी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातली. 2018 साली देवळामागच्या माळावर आम्ही 200 रोपं लावली. एका कंपनीने 80 हजार रुपये दिले होते. मांडव, फलक, टोप्या, जेवण आणि फोटो यांतच ते सगळे गेले. पाण्याचं काय, असं मी बैठकीत विचारलं, तर माझा थोरला चुलतभाऊ म्हणाला, "श्रमदान करू. झाडाला पाणी घालायचे पैसे कसले मागतेस, पुण्याचं काम आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. डिसेंबरात दर रविवारी तीसेक माणसं यायची. फेब्रुवारीत बारा झाली. मार्चमध्ये आम्ही चौघं उरलो, त्यात वाडीवरच्या एक भूमिहीन मावशी होत्या, त्या दिवसाची मजुरी बुडवून यायच्या. जूनमध्ये मोजली तेव्हा 23 झाडं जिवंत होती. त्या दिवशी मी माळावरच बसून रडले.

2021 ला पुन्हा उभं राहिलो, तेव्हा खड्ड्याच्या आधी हिशेब मांडला. झाडं 150, दर झाडाला 30 लिटर, म्हणजे एका फेरीला 4,500 लिटर, पाच हजारांचा एक टँकर. डिसेंबर ते जून, दर पाच दिवसांनी एक, अशा 42 फेऱ्या. टँकरचे 700 आणि पाणी घालणाऱ्याचे 300. वर्षाला 42 हजार, तीन वर्षांचे 1 लाख 26 हजार. खड्डे, बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि मेलेल्या जागी नवी रोपं धरून दीड लाख. म्हणजे एका झाडाला तीन वर्षांचे हजार रुपये.

हे हजार आम्ही गलाईवाल्यांकडे मागितले. आमच्या भागातली घरटी माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेली आहेत आणि यात्रेला हमखास गावी येतात. यात्रेच्या तीन दिवसांत 96 झाडांना पालक मिळाले. कुणी आईच्या नावाने वड घेतला, कुणी नातवाच्या नावाने चिंच. उरलेल्या झाडांना वर्षभरात फोनवरून पालक मिळाले. खातं मंडळाच्या नावाने, दर महिन्याचा हिशेब देवळाच्या भिंतीवर. पाणी घालायचं काम मावशींना दिलं, फेरीला रोख 300. त्यावरही चुलतभावाने ग्रामसभेत विचारलं, की पुण्याच्या कामाची मजुरी घेताना यांना काही वाटत नाही का. मावशी खाली मान घालून बसल्या होत्या. मी उठून सांगितलं, की ज्याच्या घरी संध्याकाळची चूल मजुरीवर पेटते, त्याच्याकडून फुकट काम मागणं हे पाप आहे. आजही माझं मत तेच आहे. 2024 च्या जूनमध्ये 150 पैकी 131 झाडं उभी होती.

आता तुमच्या प्रश्नाकडे. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) मिळतो. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के अशा कामांवर खर्चावे लागतात, आणि पर्यावरण त्या यादीत आहे. मात्र तुमच्या संस्थेकडे 12ए आणि 80जी या नावांनी ओळखली जाणारी आयकराची नोंदणी आणि हा निधी घेण्यासाठीची कंपनी मंत्रालयाची सीएसआर-1 नोंदणी हवी. नुसत्या मंडळाला थेट पैसे मिळत नाहीत, म्हणून नोंदणी असलेल्या संस्थेला सोबत घ्या. पहिल्याच पत्रात 'चालू प्रकल्प' म्हणून मागणी करा. नियमाप्रमाणे असा प्रकल्प सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालू शकतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या पाण्याचा खर्च त्यात बसतो. एका दिवसाच्या कार्यक्रमाला पैसे देणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला गेली की भरपाई म्हणून जमा होणारा कॅम्पाचा निधी वनखात्याकडे जातो, त्याच्यामागे धावू नका.

रोजगार हमीचंही बघा. आमच्या शेजारच्या गावाने रस्त्याकडेची झाडं त्यातून लावली आणि राखणाऱ्यांची मजुरीही त्यातूनच निघाली. त्यासाठी ग्रामसभेच्या आराखड्यात काम घालावं लागतं. नियम बदलत असतात, तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आधीचे ग्रामसेवक) आधी विचारा.

हे सगळं कोरडवाहू गावाचं आहे. कोकणात पाण्याचा हिशेब वेगळा येईल. तुम्ही शहरात राहत असाल तर मालमत्ता कराच्या बिलात वृक्ष उपकर भरताच आहात, 1975 च्या कायद्याने नेमलेल्या वृक्ष प्राधिकरणाकडे त्या पैशांतून काम मागा. आणि हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: माळ गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि महसूल खात्याची परवानगी हातात आल्याशिवाय कुणाकडून एक रुपयाही घेऊ नका.

तुमच्याही बैठकीत कुणीतरी उठून श्रमदान म्हणेल. म्हणू द्या, खड्ड्यांना घ्या त्यांचे हात. पण अंदाजपत्रकाची पहिली ओळ पाणी घालणाऱ्याच्या मजुरीची लिहा, आणि ती कापायला निघाले तर त्या वर्षी झाडं लावू नका.