इंजिन सुरू झालं म्हणजे गरम झालं असं नाही

दिवाळी सरली की माझ्याकडे एकाच विषयाचे प्रश्न येऊ लागतात. ठाणे, डोंबिवली, ऐरोली, खारघरची मुलं वैमानिक व्हायला कॅनडा-अमेरिकेत जातात. तिथे थंडीत छोट्या विमानाचं इंजिन सुरू करण्याआधी गरम करावं लागतं, त्याला प्रीहीट म्हणतात. त्यावरून मुलंही गोंधळतात आणि इथे त्यांचे आईवडीलही. मी विमान देखभालीतला माणूस, दोन हिवाळे कॅनडातल्या हँगरमध्ये काढलेले. या वेळचे काही प्रश्न घेतो.

प्रश्न (कळवा) : मुलगी बारामतीला शिकते. डिसेंबरात पहाटे तिथे चांगलाच गारठा असतो. प्रीहीट लागतं का?

नाही.

प्रश्न (डोंबिवली) : मुलाच्या स्कूलने बिलात प्रीहीटचे वेगळे पैसे लावलेत. ही लुबाडणूक आहे का?

नाही, ताई. उणे 20 अंशांत तेवढे पैसे देणंच योग्य. इंजिन किती वेळ गरम करतात, एवढं मात्र मुलाला विचारायला सांगा.

प्रश्न (ऐरोली, सध्या मॅनिटोबात) : सीनियर म्हणतात, इंजिन एकदाचं सुरू झालं की दहा मिनिटं आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर, ठेवायचं, तेच प्रीहीट. हीटरसाठी रांग असते, तास जातो. असं केलं तर चालेल का?

चालणार नाही. हे वाक्य मी दर हिवाळ्यात ऐकतो आणि दर वेळी मला धास्ती वाटते. नुकसान व्हायचं ते पहिल्या काही सेकंदांतच होऊन जातं, तुमची दहा मिनिटं त्यानंतरची.

उणे 20 ला एकदा डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, काढून पाहा. ती वर ओढताना हाताला जड लागते आणि टोकाचं ऑईल थेंब होऊन गळत नाही, थिजलेल्या तुपासारखं तिथेच धरून बसतं. हे ऑईल पंपाने ओढून बेअरिंगपर्यंत, म्हणजे फिरते भाग टेकतात तिथवर, न्यायचं असतं. ते पोचेपर्यंत धातूवर धातू घासतो. दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानातच येत नाही. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं कवच, ॲल्युमिनियमची आणि आत फिरणारा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, पोलादी. थंडीत ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकसतं, त्यामुळे बेअरिंगमधली ऑईलसाठी ठेवलेली बारीक फट आणखी अरुंद होते. थंडीत कमी घट्ट होणारं मल्टिग्रेड ऑईल घातलं की पहिली अडचण कमी होते, दुसरी तशीच राहते.

घाईत प्रीहीट टाळून वापरलेल्या एका विमानाचा ऑईल फिल्टर मी कापला होता. कागदाच्या घड्या बॅटरीच्या उजेडात उलगडल्या तर घडीघडीत झिजलेल्या धातूची चमक. चिमटीत चोळून पाहिलं तर कण लागेना, बोटावर नुसती चंदेरी छटा. इंजिन तेव्हाही पहिल्या फटक्यात सुरू होत होतं, म्हणून कोणाला शंका आली नव्हती.

अर्धवट प्रीहीट तर आणखी फसवं. गरम हवेचा पाइप पुढून पंधरा मिनिटं सोडला की सिलिंडर तापतात, त्यांच्या टेम्परेचरचा काटा छान वर येतो. खाली संपमधलं, म्हणजे तळाच्या टाकीतलं, ऑईल आणि मधला क्रँकशाफ्ट मात्र गारच. त्या काट्यावर जाऊ नका. काउलिंगवर, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या झाकणावर, जाड कव्हर हवं, पुढची भोकं बुजवलेली हवीत, ऊब खालूनही मिळायला हवी आणि त्याला वेळ द्यायला हवा. डिपस्टिक हाताला कोमट लागली पाहिजे. ‘ऑईल सुटं करायला’ प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, हाताने फिरवायचा प्रकार तर करूच नका. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोत दोष असला तर स्विच बंद असूनही इंजिन अचानक सुरू होऊ शकतं आणि प्रॉप अंगावर येतो.

लायकमिंग आणि काँटिनेंटल या इंजिन बनवणाऱ्या कंपन्या. लायकमिंगच्या बहुतेक इंजिनांना साधारण उणे 12 अंशांखाली प्रीहीट सांगितलंय, काँटिनेंटलला उणे 7 खालीच. तुमच्या इंजिनाचा आकडा पुस्तिकेत बघा आणि शंका असेल तर स्कूलच्या मेकॅनिकला विचारा. सीनियरचं ऐकून ठरवू नका. प्रीहीट करूनही कडक थंडीत सुरू केल्यावर मिनिटभरात ऑईल प्रेशर दिसलं नाही, तर इंजिन लगेच बंद करायचं.

प्रश्न (तोच) : मग रात्री काउलिंगखाली खोलीतला हीटर लावून ठेवला तर?

आग लागेल. विमानासाठी मंजूर असलेला हीटरच वापरा.

प्रश्न (वाशी) : एका विक्रेत्याकडे ऑईलमध्ये घालायचं द्रव्य आहे. ‘हे घाला, प्रीहीट विसरा’ म्हणतो. भावाला पाठवू का?

पाठवू नका. इंजिन बनवणाऱ्याने मंजूर न केलेला थेंबही त्यात जाता कामा नये. कुठलंही द्रव्य आकसलेली क्रँककेस पुन्हा फुगवत नाही. बाटलीवरच्या विमानाच्या चित्राला भुलू नका.

प्रश्न (नेरूळ) : मित्राचं छोटं विमान पावसाळाभर हँगरमध्ये असतं. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालवून गरम करतो. बरोबर ना?

चूक, आणि आपल्या दमट हवेत जास्तच चूक. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. त्यातली थोडी वाफ ऑईलमध्ये उतरते आणि दहा मिनिटांत ऑईल एवढं तापत नाही की ती उडून जाईल. लायकमिंगच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, वरच्या अंगाला असतो, त्यावरचं ऑईल ओघळून गेलं की गंज तिथेच आधी धरतो. कंपनीचं सांगणं असं, की 30 दिवसांत निदान एकदा सलग तासभर उड्डाण व्हावं आणि ऑईल 74 ते 93 अंशांपर्यंत तापावं. ते जमणार नसेल तर परवानाधारक इंजिनिअरकडून इंजिन नीट प्रिझर्व्ह, म्हणजे गंजू नये असं बंद, करून घ्या.

प्रश्न (खारघर, सध्या मिनेसोटात) : केबिन हीटर लावला की डोकं दुखतं. थंडीने असेल का?

थंडी म्हणून सोडून देऊ नका. सेसनासारख्या छोट्या विमानात ही ऊब एक्झॉस्टच्या मफलरभोवतालच्या हवेतून येते. मफलरला चीर गेली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो. उडताना असं झालं तर हीटर बंद, बाहेरच्या हवेच्या खिडक्या उघड्या आणि जवळच्या धावपट्टीवर उतरायचं. मफलर तपासल्याशिवाय त्या विमानात पुन्हा बसू नका आणि डॉक्टरांनाही भेटा.

प्रश्न (घोडबंदर रोड, सध्या अल्बर्टात) : तीन आठवड्यांपूर्वी प्रॉपच्या मागे ऑईलची धार दिसली. पुसली. नंतर दोनदा पुन्हा दिसली. परीक्षा झाल्यावर सांगितलं तर चालेल ना?

तीन आठवडे! इंजिनातली दमट वाफ ब्रीदरच्या नळीने बाहेर पडते. कडक थंडीत नळीच्या तोंडाशी तिचा बर्फ होतो, वाट बंद होते, आत दाब वाढतो आणि क्रँकशाफ्टचं पुढचं सील बाहेर ढकललं जातं. मग हवेत असतानाच सगळं ऑईल निघून जाऊ शकतं. तुमच्या बाबतीत कारण दुसरंही असेल, ते इथे बसून मला सांगता येणार नाही. मला फोटो पाठवू नका. हे वाचून झाल्याबरोबर मेकॅनिकला विमान दाखवा आणि नोंद लॉगमध्ये स्वतःच्या हाताने करा.