कॅम्परव्हॅन बांधून घेताना
भाऊ, टेम्पो ट्रॅव्हलरवर कॅम्परव्हॅन, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, बांधून घेतोयस, तर सगळ्यात कमी कोटेशनच्या मागं लागू नकोस. गिऱ्हाईक ओढायच्या चढाओढीत आधी आतल्या मालातच हात आखडला जातो. माझ्या पहिल्या गाडीत पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची, कपाटं होती. एका पावसाळ्यात वेरूळहून परतलो तेव्हा सिंकखालचा बोर्ड भाकरीसारखा फुगलेला, स्क्रू बोटानं निघत होते. फार जीव तुटला. म्हणून आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लायच माग. बीड-लातूरच्या उन्हात छत तव्यासारखं तापतं. वरून शीट ठोकण्याआधी इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) स्वतः बघ, फोटो काढ. छतावरच्या खिडकीवर अर्धा तास पाइपानं पाणी सोड. गळालं तर ताबा घेऊ नकोस. आणि फेरफाराची आरटीओ परवानगी काम सुरू व्हायच्या आधी, बरं का.