एमपीएससी की ‘ते जीएमचं काम’?

पत्र : मॅडम, निफाड तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. मुलगी बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला. दिवाळीनंतर जळगाव जिल्ह्यात मेव्हण्याकडे गेलो होतो. तो कपाशीचं ‘चोर बीटी’, म्हणजे सरकारची परवानगी नसलेलं जनुक बदललेलं बियाणं, लावतो. पोरगी त्याच्याशी मध्यरात्रीपर्यंत वाद घालत बसली. तेव्हापासून म्हणते, एमपीएससी नको, सरकार जनुक बदललेल्या (जीएम) पिकांचं ठरवतं तिथे शेतकऱ्याचं म्हणणं पोचवायचं काम करणार. अशी नोकरी असते का, की नुसते मोर्चेच काढायचे?

उत्तर : दादा, नमस्कार. या नावाची जाहिरात पेपरात येणार नाही, हे आधीच सांगते. काम मात्र आहे, आणि ते नीट करणारी माणसं फार कमी आहेत.

बीटी वांग्याचंच बघा, म्हणजे कीड मारणाऱ्या जिवाणूचं जनुक घातलेलं वांगं. जालन्याच्या महिकोने विकसित केलेलं हे वाण ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने, म्हणजे जीईएसीने, मंजूर केलं. पण तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी निर्णय थांबवून सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. महाराष्ट्रातली नागपूरला झाली. शेतकरी, शास्त्रज्ञ, बियाणे कंपन्या, ग्राहक सगळे एकाच सभागृहात, आणि आरडाओरडाही भरपूर. ९ फेब्रुवारी २०१० रोजी वांग्याला स्थगिती मिळाली. ती योग्य होती की नाही यावर तुमचा मेव्हणा आणि मुलगी पुन्हा मध्यरात्र करतील. मला त्यात दिसतं ते वेगळंच. ते सभागृह कोणीतरी ठरवलं, कोणी किती वेळ बोलायचं हे कोणीतरी आखलं, शेतकऱ्याचं बोलणं कोणीतरी टिपून अहवालात आणलं. मुलगी म्हणते ते काम हेच.

उलटं उदाहरण मोहरीचं. दिल्ली विद्यापीठात तयार झालेल्या जीएम मोहरीवर २०१६ मध्ये लोकांची मतं मागवली, मुदत ३० दिवसांची. चाचण्यांचा सारांश संकेतस्थळावर होता, पण पूर्ण कागदपत्रं बघायची तर दिल्लीचं कार्यालय गाठायचं. आता सांगा, ऐन छाटणीत निफाडहून कोण जाईल?

भाषेचीही तीच गत. पर्यावरण परिणाम मूल्यमापनाच्या नियमांच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा असं सांगितलं होतं. तो मसुदा जीएमचा नव्हता, पण अडचण तीच. जैवसुरक्षेचा, म्हणजे पीक माणसाला आणि निसर्गाला सुरक्षित आहे का याचा, अहवाल वाचून तो पिंपळगावच्या मार्केटात उभ्या माणसाला मराठीत सांगता येणारे पदवीधर माझ्या पाहण्यात फार थोडे आहेत. तुमच्या मुलीची खरी कमाई तिथे होऊ शकते.

आणि वेळही बरी आहे. जुलै २०२४ मध्ये जीएम मोहरीच्या परवानगीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. पण राज्यं, शेतकरी अशा सगळ्यांशी बोलून केंद्राने जीएम पिकांचं राष्ट्रीय धोरण आखावं, यावर दोघेही एक होते. शिवाय शेतातल्या चाचणीला राज्याचं ना-हरकत पत्र लागतं, म्हणजे सगळं दिल्लीतच घडतं असंही नाही.

आता शिक्षण. राहुरीला कृषी विस्तार विषयात एमएस्सी हा सरळ रस्ता. विज्ञान धोरणाकडे ओढा असेल तर दिल्लीच्या जेएनयूत विज्ञान धोरणाचं केंद्र आहे, सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातही होते. प्रवेश परीक्षा वेगवेगळ्या, तारखा दर वर्षी बघाव्या लागतात. पुढे संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, शेतीविषयक पत्रकारिता, बियाणे कंपन्यांचे परवाना विभाग. शेवटच्या जागी पगार बरा, पण मग तिथून शेतकऱ्याची बाजू मांडता येईल का, हे तिने स्वतःला विचारावं. बाकी ठिकाणी सुरुवातीला प्रकल्पापुरती कंत्राटी नोकरी असते. घरचं कर्ज तिच्या पगारावर फिटायचं असेल तर हे स्पष्ट बोलून घ्या.

एमपीएससीवर तिने फुली मारू नये असं मला वाटतं. कृषी सेवेतला अधिकारी बियाण्याचे नमुने घेतो, बोगस बियाण्यावर कारवाई करतो. चोर बीटीचा प्रश्न त्याच्या टेबलावर रोज असतो. ही परीक्षा तिने एक-दोनदा द्यावी, पाच वर्षं त्यात घालवू नयेत.

मोर्च्यांचं म्हणाल, तर त्याला नावं ठेवू नका. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने बंदी असलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचं बियाणं उघडपणे पेरलं. तेही सरकारपर्यंत म्हणणं पोचवणंच होतं. पण तुमची मुलगी आत्ताच एका बाजूला जाऊन बसली, तर दुसरी बाजू तिच्याशी मनातलं बोलणार नाही. मेव्हण्याच्या ओसरीवर तिने वाद किती घातला हे तुम्ही लिहिलंत, त्याचं ऐकून किती घेतलं ते लिहिलं नाहीत.

म्हणून तिला माझ्याकडून एक काम द्या. पुन्हा मामाकडे जावं, तो हे बियाणं का लावतो, निंदणीची मजुरी किती पडते, पावती मिळते का, उगवण फसली तर तक्रार कुठे करतो, हे विचारावं. मग तिथल्या कृषी अधिकाऱ्याला भेटावं. दोन पानं मराठीत लिहावीत आणि दोघांनाही वाचायला द्यावीत. ‘माझं म्हणणं बरोबर आलंय’ असं दोघेही म्हणाले, तर ती पानं घेऊन तिला एप्रिलच्या छाटणीआधी नाशिकला माझ्याकडे पाठवा.