किडनीरुग्णांच्या संस्थेची वार्षिक सभा: सभासदांचे प्रश्न

मार्चला आर्थिक वर्ष संपतं, तपासलेला जमाखर्च हाती येईपर्यंत पाऊस मध्यावर येतो आणि चवथीच्या आगेमागे सभांच्या नोटिसा घरोघर पडू लागतात. गोव्यात किडनीरुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या सभासदांनी विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

आमची सभा शनिवारी संध्याकाळी ठेवली आहे. डायलिसिसवरच्या बऱ्याच सभासदांना येणं जमणार नाही. हरकत घ्यावी का? (म्हापसा)

जरूर घ्या, आणि लेखी घ्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असणाऱ्यांचे वार ठरलेले असतात: सोम-बुध-शुक्र किंवा मंगळ-गुरू-शनी. रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर साधारण चार तास, वर पेडणे-सत्तरीसारख्या तालुक्यांतून जाण्यायेण्याचा वेळ. त्या दिवशी घरी पोचलेला माणूस आडवाच होतो. दोन्ही गटांना सहसा मोकळा सापडतो तो रविवार. सभा सकाळी ठेवा, तळमजल्यावर ठेवा आणि खिडक्या उघड्या राहतील असा हॉल घ्या. किडनीचं प्रत्यारोपण झालेल्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते, त्यांच्यासाठी खोकणाऱ्यांनी भरलेला एसी हॉल धोक्याचा. ज्यांच्यासाठी संस्था काढली तेच सभेत नसतील, तर गणपूर्ती होऊन काय उपयोग?

ह्यांच्या आजारपणात सात महिन्यांची वर्गणी राहिली. आता मत देता येणार नाही म्हणतात. (डिचोली)

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचं कलम १५ तसंच सांगतं: तीन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी असेल तर मताचा अधिकार नाही, सभासद म्हणून मोजणीही नाही. ताई, सभेआधी रक्कम भरा आणि पावती बरोबर न्या. पण दोष एकट्या तुमचा नाही. आजारी माणसाकडे पैसे मागायला कार्यकारिणीची जीभ रेटत नाही, म्हणून स्मरणपत्र जात नाही, आणि नाव वगळल्याचं थेट हॉलच्या दारात कळतं. रुग्ण सभासदांची वर्गणी नाममात्र करण्याचा ठराव तुम्हीच मांडा.

अहवालात मदत मिळालेल्यांची नावं, गावं आणि धनादेश घेतानाचे फोटो छापतात. पारदर्शकतेसाठी ते हवंच, असं अध्यक्षांचं म्हणणं. (फोंडा)

मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडे वाड्याचं नाव आणि आडनाव छापलं की माणूस कोण ते साऱ्या गावाला कळतं. मग रोजगार देणारा मागे सरतो, घरातल्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात बापाचा आजार निघतो. नावानिशी पावत्या हिशेबतपासनिसाने पाहायच्या. सभेपुढे आकडे यावेत: किती जणांना मदत झाली, औषधांवर किती, तपासण्यांवर किती, प्रवासावर किती, आणि कार्यालय व समारंभांवर किती. शेवटचा आकडा कुणी वाचत नसेल तर उभं राहून विचारा. सरकारी इस्पितळांत डायलिसिस मोफत होतं, त्यामुळे घरच्यांना खरा ताण पडतो तो टॅक्सीच्या भाड्याचा, बुडालेल्या रोजीचा आणि बाहेरून आणाव्या लागणाऱ्या औषधांचा. संस्थेचा पैसा तिथे पोचतोय का, हे जमाखर्चातून दिसलं पाहिजे.

सभेनंतर अल्पोपाहाराला काय ठेवावं? (मडगाव)

हा प्रश्न आला याचा फार आनंद झाला. आपण सवयीने शहाळं, केळी, भाजीपाव आणि खारे काजू मांडतो. शहाळं आणि केळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि डायलिसिसवरच्या माणसाच्या रक्तात ते साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्यातून शुक्रवारी डायलिसिस झालेल्याला पुढचं थेट सोमवारी, म्हणजे रविवारी तो सर्वांत लांब खंडाच्या मध्यात असतो. पाण्याचं आणि मिठाचं मोजमाप त्याच दिवशी जास्त जपायचं. शेंगदाण्याविना कमी मिठाचे पोहे, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, सफरचंदाच्या किंवा अननसाच्या दोन फोडी, लहान कपात चहा, पुष्कळांना मधुमेह असतो म्हणून साखर वेगळी. पाण्याची बाटली हातात देण्यापेक्षा छोटे पेले ठेवा.

आणि एक कळकळीची विनंती. करमलं (स्टारफ्रूट), म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला बांधतात ती पाच धारांची आंबट फळं, ताटात नकोत, लोणच्यातही नकोत. त्यांतलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते. रुग्णाच्या अंगात ते साठतं, उचकी थांबत नाही, माणूस बरळू लागतो, फिट येते, जीवही जाऊ शकतो. प्रत्यारोपण झालेल्यांनी पपनस टाळावं, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढू शकतं.

डायलिसिसबरोबर अवयवदानाच्या प्रसाराचंही काम हाती घ्यायचं आहे. उद्देशात बदल याच सभेत करून टाकू का? (काणकोण)

याच सभेत उरकता येणार नाही. कलम १२ प्रमाणे प्रस्ताव लेखी हवा, तो खास सभेच्या दहा दिवस आधी सभासदांकडे पोचवायचा किंवा टपालाने पाठवायचा. तिथे सभासदांची तीन पंचमांश मतं मिळाली की महिन्याच्या अंतराने दुसरी खास सभा घ्यायची आणि तिथे हजर सभासदांच्या तीन पंचमांश मतांनी शिक्कामोर्तब करायचं. पहिल्या खास सभेच्या मतदानात प्रतिनिधीमार्फत मत देता येतं, त्यामुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्या रुग्णांना नोटिशीबरोबरच तसं कळवा. वार्षिक सभा झाल्यावर चौदा दिवसांत नव्या कार्यकारिणीची यादी संस्था निबंधकांकडे जायला हवी, तेही सचिवांच्या कानावर घाला.