वडिलांच्या ब्रेन ट्यूमरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन आणि केमो एकत्रच का देतात? एक उरकून मग दुसरं नाही का चालत?

वडिलांचा रिपोर्ट ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड 4 (म्हणजे मेंदूतली फार वेगाने वाढणारी कॅन्सरची गाठ) आलाय असं तुम्ही लिहिलंय. माझ्या दादाचंही तेच होतं. मी डॉक्टर नाही, तासगावचा द्राक्षबागायतदार. पण सहा आठवडे त्याला रोज मिरजेला नेलं-आणलं, त्यात कळलं ते सांगतो.

ऑपरेशनात दिसणारी गाठ निघते. पण हिची मुळं आजूबाजूच्या मेंदूत शिरलेली असतात, ती काढता येत नाहीत. रेडिएशन त्या पेशींचा डीएनए तोडतं, केमोची कॅप्सूल, म्हणजे टेमोझोलोमाइड, त्याच डीएनएला वेगळ्या तऱ्हेने खराब करते. दोन्हीकडून मार बसला की पेशीला दुरुस्तीला उसंत मिळत नाही. 2005 साली 573 रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षांनी 10.4 टक्के लोक हयात होते, दोन्ही मिळून 26.5 टक्के. फरक आहे, पण आकडा केवढा हे घरात आधीच बोलून घ्या. आमच्यात कुणी बोललंच नाही.

रेडिएशन 30 वेळा, सोमवार ते शुक्रवार. (वडील पासष्टीच्या पुढचे असतील तर 15 वेळाचंही असतं, विचारा.) चेहऱ्यावर प्लास्टिकच्या जाळीचा घट्ट मुखवटा बसवतात; दादाच्या कपाळावरची नक्षी परत येताना कवठेएकंदपर्यंत दिसायची. आमची चूक अशी झाली, की शनिवार-रविवार मशीन बंद, म्हणून आम्ही कॅप्सूलही बंद ठेवली. सोमवारी सिस्टरनी कॅप्सूल मोजल्या आणि वहिनीला चांगलंच झापलं. त्या सहा आठवड्यांत कॅप्सूल सातही दिवस घ्यायची. उलटीची गोळी आधी, मग उपाशीपोटी कॅप्सूल, मग साधारण तासाने रेडिएशन. गिळवत नाही म्हणून फोडून दुधात घालू नका.

दर आठवड्याला रक्त तपासतात. चौथ्या आठवड्यात दादाच्या प्लेटलेट लाखाखाली गेल्या, तेव्हा कॅप्सूल थांबवली, रेडिएशन चालूच ठेवलं. रेडिएशन संपल्यानंतर नुसती कॅप्सूल महिन्यातून पाच दिवस, असे सहा महिने वाढीव डोस. गाठीची एमजीएमटी तपासणी झाली नसेल तर करून घ्या, औषध कितपत लागू पडेल याचा अंदाज येतो.

आणि रेडिएशननंतरच्या पहिल्या एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसली तर लगेच हातपाय गाळू नका. उपचाराची सूजही तशीच दिसते. दादाचा एमआरआय दोन महिन्यांनी पुन्हा काढला तेव्हा गाठ कमी दिसली. त्यानंतर तो दीड वर्ष होता. एप्रिलची आणि ऑक्टोबरची, दोन्ही छाटण्या त्याने बांधावर खुर्ची टाकून करून घेतल्या.